रऊफचाचांनी नजरेनं घेतलेलं माप

रिसोडच्या पोरांचे शाळेचे ड्रेस चाळीस वर्षं रऊफचाचांनीच शिवले. पोरगं दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याचं माप चाचांच्या डोक्यात झालेलं असे. टेप लावायची ती नुसती आईच्या समाधानाला.

एकदा त्यांची नात अफ्रीन मोबाइलवर एक फोटो घेऊन आली. परमुलखातल्या एका पोराला बंडखोरांनी पळवून नेऊन हाती बंदूक दिली होती. आता सरकारनं त्याला पकडून, एकोणीस वर्षांचा आहे म्हणत, मोठ्यांच्या तुरुंगात डांबलं होतं. उपासमारीनं लहान दिसतो, म्हणे. त्याला सोडवायला जगभर ऑनलाइन मोहीम चालली होती, पण जन्मदाखलाच नव्हता.

चाचांनी फोटो निरखला.

"उपाशी माणूस बारीक होते बेटा, त्याच्या खांद्याचं हाड आखूड नाही होत. अंगातल्या मोठ्याच्या शर्टाची खांद्याची शिवण पाह्य, कोपराले टेकली. हे लेकरू बाराचं आहे."

"पुन्हा बोला दादा, मी व्हिडिओ काढून राह्यली."

"थांब, टोपी तं नीट करू दे."

व्हिडिओ असा पसरला, की देशोदेशीचे शिंपी तोच फोटो घेऊन तेच सांगू लागले. शेवटी कोर्टानं डॉक्टरकडून हाडांची तपासणी करवली. वय निघालं तेरा. पोरगं सुटून आईजवळ गेलं.

"दादा, एका वर्षानं चुकले तुमी," अफ्रीन हसली.

"चुकलो तं चुकलो. त्याच्या मायले कळव, शाळेच्या शर्टाची बाही दोन बोटं जास्त ठेव म्हणा. आता वाढन तो."