सडैयांडीचं हसू

तमिळ सिनेमाचे दिग्दर्शक सोलैयप्पन गेले तेव्हा पेपरवाल्यांनी छापलं, की निर्माता मिळेना म्हणून त्यांनी सिनेमा सोडला. डोंबल! निर्माते त्यांच्या मद्रासमधल्या, साळिग्रामातल्या घराच्या पायरीवर चपला काढून बसायचे. मी स्वतः त्यांना कॉफी नेऊन दिलीय. पण पेपरवाल्यांनी मला विचारलं नाही, म्हणून खरं कारण आता न विचारता सांगतो.

मी अरुळप्पन, दिंडिगलचा. सोलैयप्पनांकडे एकोणीस वर्षं मेकअपवाला होतो. गंमत अशी, की त्यांना मेकअप चालायचाच नाही. शूटिंग म्हटलं की गावकरी आंघोळी करून, तोंडाला पावडर थापून, लग्नातले कपडे घालून हजर. त्यांची तोंडं धुवायची हे माझं काम. "अरुळ, त्या आजीच्या मानेवर अजून पावडर आहे," असं ते लांबून ओरडायचे. बायकांना नवी लुगडी देऊन त्यांच्या अंगावरची विटकी लुगडी मागून घ्यायची, हेही माझ्याच गळ्यात. माझी बायको म्हणायची, "कार्ड मेकअप युनियनचं आणि धंदा बोहारणीचा!"

ते कंबम खोऱ्यातल्या एका शाळामास्तरांचे चिरंजीव. मास्तर पक्के नास्तिक, काळा सदरा घालून देव नाकारणाऱ्यांच्या सभांना जाणारे. बापाकडून देव मिळण्यासारखा नव्हताच, लेकानं हट्ट तेवढा घेतला. खरं तेच दाखवायचं. पडद्यावर आंबील प्यायची तर ती त्याच घरच्या मडक्यातली, शिव्या द्यायच्या तर त्याच गल्लीतल्या. सिनेमाआधी तीन-तीन महिने गावात जाऊन राहायचे, ओसरीवर झोपायचे, लोकांच्या भांडणात पंच व्हायचे. लोकांचा फार जीव त्यांच्यावर. माझाही होता, खोटं कशाला बोलू.

शहाऐंशी साली आम्ही उसिलंपट्टीजवळच्या एका गावात होतो. कथेत एक विहीर खणणारा मरतो. त्या कामाला त्यांनी गावातलाच एक खरा विहीर खणणारा निवडला, सडैयांडी. चाळिशीचा, काळाभोर, तोंडाळ. मयताच्या प्रसंगाला ओप्पारी हवी होती. मेलेल्याच्या उशाशी बसून बायका सूर लावून रडतात, ती. त्या पंचक्रोशीत ओप्पारीला एकच नाव, पेच्चियम्मा. आणि ती निघाली सडैयांडीचीच बायको.

सोलैयप्पनांचे डोळे चमकले. मला ती चमक ठाऊक होती.

पेच्चियम्मा उसळली. "माझ्या जित्या नवऱ्यापुढं ओप्पारी म्हणू? तुमच्या घरात म्हणतात का हो असं?"

सडैयांडीच मध्ये पडला. "अगं, म्हण की! मेल्यावर माझं काय कौतुक करणार ते जिवंतपणी कानावर पडंल. एरवी तुझ्या तोंडून शिव्याच ऐकतोय."

"तुझ्या जिभेला काही हाड?" म्हणत ती घरात गेली, ती दोन दिवस बाहेर आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. हो, मीच. तिला म्हटलं, "अक्का, आमच्या धंद्यात यावर उतारा आहे. ज्यानं प्रेताचं काम केलं त्यानं शॉट संपला की उठायचं, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, आणि ते हसू फिल्मवर घ्यायचं. म्हणजे अपशकुन फिटला. आजवर एकाचंही वाकडं झालेलं नाही."

"फिल्मवर घेणार? नक्की?"

"माझ्या आईची शपथ."

तेवढ्यावर ती तयार झाली. आमच्याकडे मयताला करतात तसं सडैयांडीच्या कपाळावर नाणं मी चिकटवलं, जबडा मी बांधला, पायाचे अंगठे मी बांधले. पेच्चियम्मा उशाशी बसली, केस सोडले, आणि तिनं तोंड उघडलं. बाबांनो, काय सांगू! लग्नात तो भाड्याची सायकल घेऊन आला होता इथपासून तिनं सुरुवात केली. पहिलं पोर गेलं तेव्हा तो तीन दिवस विहिरीतून वर आला नव्हता, तेही काढलं. आमचा कॅमेरावाला रडत होता. जबडा बांधलेल्या सडैयांडीच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यामुळे दुसरा टेक घ्यावा लागला, मग तिसरा. तिनं तिन्ही वेळा जीव ओतला.

तिसरा संपला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि डब्यातली फिल्मही संपली होती. एकच डबा उरला होता, तो सकाळच्या अंत्ययात्रेसाठी. मी सोलैयप्पनांच्या कानाशी लागलो, "सार, हसू घ्यायचंय."

ते म्हणाले, "चाळीस फूट फिल्म उगाच जाळायची? कॅमेरा नुसता फिरवा. त्यांना काय कळतंय!"

मी तसाच परत फिरलो. सडैयांडीचा जबडा सोडला आणि ओरडलो, "हस रे आता!" रिकामा कॅमेरा घरघरला. सडैयांडी उठून बसला, कपाळावरचं नाणं मांडीवर पडलं, आणि तो असा हसला, असा हसला, की सगळा गाव हसायला लागला. पेच्चियम्मानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि ती पण हसली. फिल्मवर त्यातलं काही नाही.

सिनेमा गाजला. त्या ओप्पारीवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली, ध्वनीला बक्षीस मिळालं. सोलैयप्पनांनी त्यानंतर आणखी दोन सिनेमे केले. तिसरा झाला नाही, त्याचं कारण हे.

नऊ वर्षांनी, पंच्याण्णव साली, एका सकाळी पेच्चियम्मा साळिग्रामात दारात उभी. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. मी तिला आत घेतलं. सडैयांडीला कावीळ झाली होती, अकरा दिवसांत गेला.

सोलैयप्पनांनी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवरच बसली. 'अय्या' म्हणजे आमच्याकडे साहेब. म्हणाली, "अय्या, घरात त्याचा एक फोटो नाही. मतदानाच्या कार्डावर आहे, त्यात तो चोरासारखा दिसतो. तुम्ही त्या दिवशी त्याचं हसू घेतलंत ना, ते मला द्या. तुमच्या सिनेमात ते लावलं नाहीत. तो तीनदा उसिलंपट्टीला जाऊन बघून आला. सगळे उठून गेले तरी बसून राहायचा, शेवटी येईल म्हणून. झाडूवाला हाकलायचा तेव्हा उठायचा. म्हणायचा, डायरेक्टरसारांनी जपून ठेवलं असंल."

मला वाटलं, आता हे म्हणतील, लॅबमध्ये खराब झालं. त्यांच्या जागी मी असतो तर तेच म्हटलं असतं. पण सोलैयप्पन खोटं बोलले नाहीत. खाली बघत म्हणाले, "अम्मा, कॅमेऱ्यात फिल्म नव्हती."

तिला ते कळायलाच वेळ लागला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शपथ घेतली होती ना.

"म्हणजे तो उगीच हसला?" ती म्हणाली.

ती रडली नाही, ओरडली नाही. नुसतं सांगत गेली. "तो गेला तेव्हा मी उशाशी बसले. तोंड उघडलं. सायकलीचं म्हटलं, तर मागून एक पोरगी म्हणाली, हे तर सिनेमातलं. बायका हसल्या नाहीत, पण मला ऐकू आलं. दुसरं आठवेना. होतं नव्हतं ते सगळं तुम्हाला देऊन बसले होते. मी तोंड मिटलं. अख्ख्या तालुक्याच्या मयताला मी रडलेय, अय्या, आणि माझा माणूस मुका गेला."

सोलैयप्पनांचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "अम्मा, माझ्याकडे तो फक्त झोपलेला आहे. बघायचाय का?"

ती हो म्हणाली. कोडंबाक्कममध्ये, स्टुडिओंच्या भागात, सिनेमावाल्यांना रिळं दाखवायचं एक लहानसं थेटर होतं, तिथं आम्ही तिघं गेलो. ऑपरेटरनं नेमकं ते रीळ लावलं. पडद्यावर सडैयांडी, कपाळावर नाणं. उशाशी नऊ वर्षांपूर्वीची पेच्चियम्मा, काळेभोर केस सोडलेली, गातेय. सायकल आली, पोर आलं, विहीर आली.

खुर्चीतली पेच्चियम्मा एकदम म्हणाली, "त्या बाईला गप्प करा."

सोलैयप्पन धडपडत उठले, आत गेले, आणि आवाज बंद करायला लावला. ज्या आवाजाला बक्षीस मिळालं होतं, तोच. पडद्यावरच्या बाईचे नुसते ओठ हलत राहिले. मग ही उठली, पडद्यापाशी गेली, खाली बसली, आणि तिनं सूर लावला. त्यात सायकल नव्हती, पोर नव्हतं. "दोनदा मेलास रे राजा, एकदा मला सांगून आणि एकदा न सांगता. पहिल्यांदा उठलास तसा उठशील म्हणून मी वाट बघितली. पिवळ्या डोळ्यांनी पाणी मागितलंस, मी म्हटलं उठून घे, लबाडा." असलं काहीबाही. मध्येच ती त्याला शिव्या द्यायची. रीळ संपलं, पडदा पांढरा झाला. "परत," सोलैयप्पन ऑपरेटरला म्हणाले. पाच वेळा लावलं. मी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून पोरासारखा रडलो, माझी लाज मला वाटली नाही.

शेवटी तिचा घसा बसला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली. सोलैयप्पन दारात उभे होते. त्यांच्यासमोर येऊन तिनं विचारलं, "हे नाही ना घेतलंत?"

"नाही, अम्मा." त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले.

तिनं हातांकडे पाहिलं. मग मागे वळली आणि भिंतीतल्या त्या चौकोनी भोकाकडे, जिथून पडद्यावर उजेड यायचा, तिकडे बराच वेळ बघत राहिली. मग खुर्च्यांच्या मधून चालत, कुठं कॅमेरा तर नाही ना म्हणून दोन्हीकडे वाकून बघत, ती बाहेर गेली.