बाळंतिणीचा कोपरा

कुणीतरी लोकांना सांगून ठेवलंय, की वनखातं म्हणजे टोइंगची गाडी. फोन करायचा, बिबट्या उचलून न्यायला लावायचा आणि दार लावून घ्यायचं. उचलून कुठे न्यायचा, हे त्या कुणीतरीनं सांगितलेलं नाही. रिकाम्या जागी दुसरा बिबट्या येतो, हेही नाही. त्यानं एकदा आमच्या गाडीत मागच्या सीटवर बसावं, एवढीच माझी इच्छा आहे. मधोमध बसावं. दोन्ही बाजूंना जाळी आणि दोरखंड असतात.

एम.एस्सी. झाल्यापासून मी त्या सीटवर बसते, वनखात्याची स्वयंसेवक म्हणून. जाळी आम्ही अधूनमधून बाहेर काढून झटकतो. किस्से कुणी झटकत नाही, ते साठत राहतात. त्यातले बहुतेक आमच्या वनपालांचे, म्हणजे तांबोळीकाकांचे. घराणं पिढ्यानपिढ्या मंडईमागचं, भावाचा तिथेच फळांचा गाळा. काकांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. त्यांना गरज पडत नाही.

*

बिबवेवाडीतल्या एका सोसायटीतून फोन आला. मागच्या भिंतीवर बिबट्या झोपलाय, अर्धा तास हललेला नाही. आम्ही पोचलो तेव्हा चारही मजले गॅलरीत उभे होते. भिंतीवर एक मिंकचं ब्लँकेट वाळत होतं. पिवळं, काळ्या ठिपक्यांचं.

मी हसू दाबत होते. काका शांतपणे पुढे गेले, एक टोक उचलून बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं.

सेक्रेटरींनी लांबूनच विचारलं, "साहेब, मोठा आहे का?"

"अहो, पूर्ण वाढ झालेला. डबलबेड."

*

मांजरी गावाच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यात, असे फोन येत नसत. तिथे कुत्री खरोखरच नाहीशी होत होती. त्या गावात अण्णा म्हणून एक शेतकरी आहेत. त्यांचा शब्द गाव ऐकतं, आणि त्यांचा शब्द एकच होता : पिंजरा.

पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या पुष्कळदा उरलेलं आयुष्य गजांमागे काढतो. हे गावाला पटवायचं म्हणून मी चाळीस स्लाइड्स केल्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पहिली पडली : 'मानव-बिबट सहजीवन'.

मागून एक आजी म्हणाल्या, "सहजीवन? कुणाचं लगीन लावताय त्याच्यासंगं?"

सभा तिथेच संपली. मग काका अण्णांच्या ओट्यावर तासभर बसले. बोलले जवळपास काहीच नाहीत. नेलेल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

परतताना मी विचारलं, "स्लाइड्स कशा होत्या?"

"छान. भिंतीला आवडल्या."

*

पुढच्या आठवड्यात अण्णांच्या बांधावर मला ठसा मिळाला. ताजा, मोठा. मी प्लास्टर कालवून ओतलं आणि काकांना उत्साहात सांगायला लागले, की हा पुढचा डावा पंजा, हा बहुधा तरुण नर. तेवढ्यात अण्णांचा मोत्या आला, शेजारच्या तसल्याच ठशात पाय ठेवून उभा राहिला. अगदी फिट्ट.

अण्णा म्हणाले, "तरुन न्हाय वो. म्हातारा झाला आता."

जमीन फाटली असती तर बरं झालं असतं. काका हसले नाहीत. ते चार पावलं पुढे, पाटाच्या ओल्या मातीवर वाकले होते. त्यांनी टोपी काढली. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही हा माणूस ठसा बघताना टोपी काढतो. मी शेजारी जाऊन बघितलं. कुत्र्यासारखी नखांची खूण नसलेला एक गोल, भरदार पंजा. आणि त्याच्या भोवती, कुणी रुपया दाबत गेल्यासारखे, इवले इवले ठसे.

"एम.एस्सी.," काका हळूच म्हणाले, "ही एकटी नाही."

*

ऊस तोडायला बीडकडची टोळी आली. बांधाला त्यांच्या कोप्या पडल्या, पाचटाच्या, वाकून आत शिरायच्या झोपड्या. त्यातली सुमन कोयता चालवायची, आणि तिचं तान्हं ट्रॉलीखाली साडीच्या झोळीत निजायचं. शेवटचा कोपरा राहिला असताना सुमनचा कोयता हवेतच थांबला. पाचटात तीन पिल्लं होती, मांजराएवढी.

आम्ही पोचेपर्यंत अर्धं गाव जमलं होतं. एकजण पिल्लू टॉवेलात घेऊन सेल्फी काढत होता.

काका म्हणाले, "काढा, काढा. फक्त नाव-पत्ता देऊन जा. आई विचारायला आली, तर कुणाकडे पाठवायचं ते कळलं पाहिजे."

पिल्लू खाली. गर्दी वीस पावलं मागे.

अण्णा मात्र हलले नाहीत. "पिल्लं तुमी न्या. ती आली की पिंजऱ्यात घाला. आन् टोळी उद्या दुसऱ्याच्या रानात जानार, ह्यो कोपरा आजच तुटला पायजे."

मी समजावायला तोंड उघडलं. पिल्लं नेली तर ती गावभर शोधत फिरेल, चवताळेल, वगैरे. काकांनी मला हातानंच थांबवलं.

"अण्णा, घरात बाळंतीण आहे. खोली पाडायला काढाल?"

सुमननं कोयता खाली ठेवला. तिच्या मागोमाग टोळीतल्या बायकांनी एकेक करून ठेवले.

त्या कोयत्यांकडे बघत अण्णा म्हणाले, "सकाळपतुर. सकाळी पिल्लं हितंच दिसली, तर पिंजरा. लिहून द्या."

काकांनी वहीचं पान फाडलं, लिहिलं, सही केली. मग मॅडमना, आमच्या रेंज ऑफिसरना, फोन लावला. त्यांनी विचारलं, "तांबोळी, ती येईल याची खात्री आहे?"

"नाही, मॅडम."

"मग माझंही नाव लिहा त्या कागदावर."

*

पिल्लं ठेवायला काकांनी भावाच्या गाळ्यावरून प्लास्टिकची क्रेट आणली होती. तिला पेरूचा वास होता. काकांनी ती मातीनं घासली, पिल्लांखालचंच पाचट आत पसरलं. मी मदतीला वाकले.

"डिओ कुठला?"

"का?"

"चांगला आहे. गाडीत जाऊन बस."

क्रेट त्याच कोपऱ्यात ठेवली, समोर कॅमेरा बांधला. टोळी कोप्यांत, गाव घरी. आम्ही गाडीच्या काचा बंद करून लांब उभे, आणि माझ्या मोबाइलवर ते चित्र, आवाजासकट. अण्णा मागच्या सीटवर, जाळी आणि दोरखंडांच्या मधे. स्वतःहून येऊन बसले होते.

दिवे लागायची वेळ झाली. काही नाही. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. काका अण्णांना अजून न दिलेला तो कागद खिशात चाचपत होते. ते घाबरलेत, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग ऊस हलला.

ती आली तेव्हा आवाज झाला नाही. आधी नव्हती, मग होती. क्रेटभोवती एक फेरी मारली, पंजानं कड ओढून क्रेट आडवी केली. एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि गेली. पंधरा मिनिटांनी दुसरं. मग तिसरं. तिसरं तोंडात असताना कोपीतून सुमनचं बाळ रडलं. ती थांबली. तिकडे बघत राहिली. मग ऊस मिटला.

मागून अण्णांचा श्वास सुटलेला ऐकू आला. काकांनी कागद बाहेर काढून त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवला.

मी गाडीचं दार उघडणार, तेवढ्यात काकांनी माझा हात धरला. स्क्रीनवर ती परत आली होती.

"तीनच होती ना?" काका कुजबुजले.

"तीनच. मी मोजली होती."

"नीट आठव."

ती आडव्या क्रेटपाशी आली. आत डोकं घातलं. पाचट हुंगलं. पंजानं थोडं बाजूला केलं. बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि रिकाम्या तोंडानं निघून गेली.

सकाळी आम्ही तो कोपरा पाचट अन् पाचट उलटून बघितला. काही नव्हतं. टोळीचं बिऱ्हाड ट्रॉलीवर चढत होतं. पाखरं अजून उठत होती, आणि मी काकांना विचारत होते, की तिला मोजता येत नसेल का, की वासामुळे आली, की कॅमेऱ्याच्या लाइटमुळे. काका टोपी हातात घेऊन उभे होते.

बाळाला पाठीशी बांधत सुमन म्हणाली, "आमीबी जातो की ताई, बिऱ्हाड हाललं की येकदा रिकाम्या कोपीत माघारी. काई ऱ्हायलं का बघाया."