खुंटीवरचा देव

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. मुळात विश्वास ठेवणं हेच मला जमत नाही. दूधवाल्याच्या मापात मी वाकून बघते, डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्या दुकानात दाखवून घेते... दिराची नात म्हणते, "मोठी आजी, तू पोलिसात जायला पाहिजे होतंस." तर अशा संशयी बाईच्या बाबतीत जे घडलं ते लिहिते आहे. तुम्हाला पटलं नाही तरी माझी तक्रार नाही, कारण मलाच ते अजून पुरतं पटलेलं नाही.

गोष्ट मानवतची. निजामाचं राज्य होतं, रझाकारांचा त्रास सुरू व्हायला अजून एक-दोन वर्षं होती. धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं माळवदाचं घर आणि बाजारात कापडाचं दुकान. घरात माणसं चार — हे, मी, सासूबाई (त्यांना मी आत्या म्हणायची) आणि धाकटा दीर मन्मथ. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

आम्ही लिंगायत. जन्मल्यापासून गळ्यात इष्टलिंग, पांढऱ्या कापडात बांधलेलं. घरात त्याला आम्ही नुसतं 'देव' म्हणायचो. सकाळी अंघोळ झाली की देव डाव्या तळहातावर घ्यायचा, विभूती लावायची, पूजा करायची आणि मगच घास. पूजा नाही तर पाणीसुद्धा नाही. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात आणि त्याचा देव त्याच्या डाव्या हातातच ठेवतात.

यांना शिंदी पिण्याचं व्यसन होतं. पण आधी व्यसन लागलं की आधी मन विटलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मापाचा गज हातात धरून दुकानात बसायचे, समोर गिऱ्हाईक उभं, आणि यांना ऐकूच यायचं नाही. विचारलं तर म्हणायचे, "कशातच जीव लागंना गं." आता नात त्याला डिप्रेशन म्हणते, त्याला औषधं असतात म्हणते. तेव्हा आत्यांनी उतारे केले, नवस केले... आणि मी काय केलं? मी भांडले. रोज भांडले.

शिंदीखान्यात जाताना ते गळ्यातला देव काढून भिंतीतल्या देवळीजवळच्या खुंटीला अडकवायचे. देव बरोबर घेऊन तिथं जायचं नाही, एवढी एक मर्यादा त्यांनी शेवटपर्यंत पाळली. खुंटीवर देव दिसला की मी समजायची — गेले. त्या कापडाची गाठसुद्धा त्यांची स्वतःची होती. दोन्ही टोकं आत खोचलेली, वरून पक्की, पण एका ओढीत सुटणारी. दुकानातले गठ्ठेही ते तशाच गाठीनं बांधायचे. मला ती कधी जमली नाही.

वैशाखातली सकाळ होती. नऊ दिवस ते पिले नव्हते. दहाव्या दिवशी मी पाणी भरून घरात आले तर देव खुंटीवर! डोक्यात नुसती आग उठली. कापड खस्सकन ओढलं तशी गाठ सुटली. आत देवच आहे की मला फसवायला खडा बांधलाय, तेही उघडून बघितलं... देवच होता. गाठ काही मला मारता येईना. तसाच गुंडाळला आणि ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून खुपसून ठेवला. उद्या पूजेला देव नाही म्हणजे जेवण नाही, पाणी नाही. मग आमच्या जंगम गुरूंसमोर, स्वामींसमोर, शपथ घ्यायला लावायची आणि तेव्हाच देव द्यायचा, असा माझा बेत होता.

तासाभरात हे दारात.

"देव दे. न्हाई पिलो. दारातूनच माघारी आलो बघ."

वास येत नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मनात आलं, वेलदोडा चघळला असेल.

"मला काय माहीत? गेला असंल तुमाला कटाळून."

ते रिकाम्या खुंटीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "जाईलच की." ओरडले असते, भांडं आपटलं असतं तर मी कणगीत हात घातला असता. त्यांनी वहाणा घातल्या आणि गेले, आणि मी भाकरी थापायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथरीच्या रस्त्याला लिंबाखाली सापडले. शिंदीखान्यातल्या माणसानं दिराला सांगितलं — सकाळी आले ते दारातूनच वळले होते, दुपारी आले ते मात्र पीतच बसले, कधी उठून गेले ते कळलं नाही. म्हणजे माझ्यासमोर ते खरं बोलले होते.

अंगणात माणसं मावत नव्हती. स्वामी म्हणाले, "बाई, ह्याचा देव आन." आणला तर सगळे विचारणार, कुठं होता. मी म्हटलं, "सापडंना." स्वामींनी आपल्याजवळचा नवा देव त्यांच्या डाव्या हातात ठेवला. माझा नवरा परक्या देवाबरोबर मातीत गेला, आणि त्याचा देव कणगीत आहे हे एकट्या मला माहीत होतं.

अकरा दिवस मी कणगीकडं फिरकले नाही. बाराव्या दिवशी दुपारी ठरवलं, देव काढायचा आणि समाधीपाशी नेऊन पुरायचा. हात घातला... नाही. खांद्यापर्यंत घातला, तरी नाही. सगळी ज्वारी खोलीभर उपसली. देव नव्हता. घाम पुसायला मान वर केली तर देव खुंटीवर!

सकाळीच मी त्या खुंटीखाली सारवलं होतं आणि खुंटी रिकामी होती. उठून हात लावला. कापड ओलसर, आत्ताच धुतल्यासारखं. वर विभूतीची तीन बोटं. आणि गाठ त्यांची.

मी रडले असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. मला संशय आला.

पहिला आत्यांवर. ओसरीवर जाऊन विचारलं, "आत्या, कणगीला हात लावला का तुमी?"

"आगं, मला म्होरचं ताट दिसंना, कणगी कुठली दिसायलीय? काय हरपलं?"

खुंटी माझ्याच हाताला टाचा उंचावल्यावर लागायची आणि त्यांची तर कंबर वाकलेली. मग राहिला दीर. दुकानातला माणूस, गाठ त्यालाच येणार! तडक दुकानात गेले आणि एक गठ्ठा पुढं टाकला. "भावजी, हा दादाच्या गाठीनं बांधून द्या."

त्यानं दोनदा खटपट केली आणि त्याचे डोळे भरून आले. "वैनी, दादानं लय येळा शिकिवली. मला येतच न्हाई. देवाची कसम."

ते रडणंही मला सोंग वाटलं. महिनाभर मी त्यानं बांधलेले गठ्ठे तपासत होते. एकाचीही गाठ तशी नव्हती.

स्वामी दोन दिवसांपासून बोरीला लग्न लावायला गेलेले. परत आले तेव्हा त्यांना देव दाखवला आणि खरं काय ते सगळं सांगितलं. त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं. "सोडून बगू का?" मी हात मागं घेतला. ते म्हणाले, "पूजा झाल्याली दिसायलीय. कुनी केली ते मला इचारू नको."

शेवटी संशय माझा माझ्यावरच आला. दुःखात माणूस काय करून बसतं ते त्याचं त्यालाही कळत नाही... मीच काढला असेल, मीच धुतला असेल. पण गाठ? चिंध्या घेऊन शेकडो वेळा मारून बघितली. आजही येत नाही.

मग पाळत ठेवली. देव पेटीत, पेटीची किल्ली कमरेला, खुंटीखाली ज्वारीचं पीठ पसरलेलं. रोज बघायची. पिठावर एक बोट उमटलं नाही, कधी काही झालं नाही. एके दिवशी त्या कोऱ्या पिठाकडं बघता बघता मला रडू फुटलं, कारण चोर पकडायचं नाव करून मी त्यांची वाट बघत होते.

आता मी नव्वदीला टेकले. नात म्हणते, मोठ्या आजोबांनी तुला माफ केलं. मला ते काही पटत नाही. खुंटीवर देव याचा आमच्या घरात एकच अर्थ होता, की ते घरात नाहीत. माफी कशी समजायची त्यातून? खुलासा तेव्हाही मिळाला नाही, आताही नाही.

देव अजून माझ्यापाशी आहे, कापड पिवळं पडलंय. माझ्या मागं माझ्या डाव्या हातात माझा आणि उजव्यात हा ठेवायचा, असं नातीला बजावून ठेवलंय. रीतीत बसत नाही, स्वामी कुरकुर करतील. करू देत.

परवा तीच म्हणाली, "पण मोठी आजी, आत देवच आहे कशावरून? गाठ तर एका ओढीत सुटते म्हणतेस. कधी उघडून बघितलंस का?"

नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. त्या सकाळी एकदा उघडून बघितलं होतं, तेवढं पुरे झालं.