देशी कला मंडळ आणि चंद्रीचा डोंगर

चार वडीलधारे एका सतरंजीवर बसवले की किस्से आपोआप घडतात. टिपून घेणारी कुणीतरी लागते. रत्नागिरीच्या आमच्या देशी कला मंडळात ती मी. बी.ए. झालेली मुलगी सेक्रेटरी म्हणून चालते. सभेत बोललेली चालत नाही!

अध्यक्ष भाऊसाहेब, पालीकडच्या एका गावचे खोत. त्यांना प्रदर्शनात ‘अस्सल डोंगरी कला’ हवी होती. ती करणारी ठाकरवाडीची चंद्री. बांबूच्या टोपल्या विणायची आणि लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने आपला डोंगर काढायची. भाऊसाहेबांनी आंब्याची कलमं लावायला नेमका तोच डोंगर कुंपण घालून बंद केला होता. बांबू तोडायला मनाई. ‘ही माणसं काल-परवा आली, डोंगरावर त्यांचा हक्क नाही,’ असं त्यांनी प्रांतसाहेबांना लिहूनही दिलं होतं. वाडीच्या अर्जावर प्रांतसाहेबांचा निकाल यायचा होता. बांबू गेला तर वाडी उठणार, हे चंद्रीला ठाऊक होतं आणि भाऊसाहेबांनाही. पण कलेवरचं प्रेम वेगळं!

*

देशी कला मंडळाने चित्रासाठी मुंबईहून विलायती कॅनव्हास मागवला. चंद्रीने तो चाचपला आणि सरळ शेण आणि तांबड्या मातीने सारवून काढला!

खजिनदार अण्णा किंचाळले, “अगो, विलायती कापड ते!”

“म्हनून तं सारवलं. उघड्या कापडावर डोंगर कसा उभा ऱ्हायल?”

*

हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर सुधारणा सुचवायला आले.

“झाडांना सावली नाही. आणि झरा माथ्यावर? पाणी खाली असतं!”

“मास्तर, तुमी कदी वर आलाव?”

“नाही.”

“मंग एकदा जावा नि झऱ्याला सांगा, तू चुकलास!”

मास्तर चहाला थांबले नाहीत.

*

मग प्रश्न आला, चंद्रीने बसायचं कुठे? त्यावर दोन सभा झाल्या. ठराव असा: टोपल्या हॉलमध्ये, चंद्री बाहेर ओटीवर.

मी विचारलं, “टोपल्या तिच्याच हातच्या ना?”

अण्णा म्हणाले, “टोपली सुकलेली असते, सुक्याला विटाळ नाही!”

हा युक्तिवाद मी इतिवृत्तात शब्दशः लिहिला आहे. अजून कुणी वाचलेला नाही. मीही ओटीवर जाऊन बसले.

चंद्रीने विचारलं, “बाय, तुला पन आत घेत न्हाईत?”

“घेतात. पण तोंड बाहेर ठेवून!”

*

उद्घाटनाला प्रांतसाहेब आले. भाऊसाहेबांचं भाषण नेहमीप्रमाणे मी लिहिलं होतं. नेहमीप्रमाणे त्यांनी ते आधी वाचलं नव्हतं. छापून मात्र घेतलं होतं, खाली सहीसकट.

चष्मा सावरून ते गरजले, “ज्यांचे आजे-पणजे याच डोंगरात जन्मले, ज्यांनी याच डोंगरातला बांबू पिढ्यानपिढ्या तोडला, त्यांची ही कला!”

टाळ्या कडाडल्या. त्या ऐकून भाऊसाहेबांनी ते वाक्य पुन्हा वाचलं!

प्रांतसाहेबांनी छापील प्रत मागून घेतली, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “फार सुंदर भाषण. कुणी लिहून दिलं आपल्याला?”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. छाती पुढे काढून म्हणाले, “छे छे! शब्दन् शब्द माझा!”