टोपी चढवण्याआधी

आमच्या वाडीच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या खेळ्यांत, संकासुर राक्षसाचं काम करणारा माणूस एसटी डेपोत मेकॅनिक आहे. काळा झगा दुरुस्तीला तो माझ्याकडेच आणतो. दारातच उभा राहतो आणि बोलण्याआधी हसतो.

"वैनी, शिवण वाकडी आली तरी चालेल, पण कमरेच्या घंटा झाकू नका. पोरांना आधी त्याच ऐकू आल्या पाहिजेत."

यंदा मे महिन्यात दुबईला असलेली वाडीची मंडळी आली, म्हणून त्यांच्या मुलांसाठी शाळेत नमन ठरलं. तालमीला मी झगा घेऊन गेले होते. संकासुराचं तोंडभर ओढलेल्या काळ्या टोपीने झाकलेलं तोंड बघून एक लहान मुलगी रडायलाच लागली.

"हे सोंग खेळातून काढूनच टाका बाई," तिची आई म्हणाली. "पोरगी तिकडे जाऊन झोपायची नाही."

त्याने टोपी, झगा, घंटा सगळं उतरवलं आणि मुलीसमोर मांडी घातली. संकासुराने लोकांसमोर सजायचं नाही की सोंग उतरवायचं नाही, हा आमचा जुना नेम आहे.

"अरे, नेम मोडतोस?" एक म्हातारा ओरडला.

"आजोबा, सोंगच गेलं तर नेम कोणासाठी पाळू?"

त्याने पुन्हा झगा घातला आणि घंटा मुलीच्या हातात दिल्या. "बांध गो घट्ट." तिने डोळे पुसत गाठ मारली. मग त्याने टोपी चढवली.

"अंकल, तुम्हीच ना?"

टोपी चढल्यावर संकासुर बोलत नाही. हा नेम मात्र त्याने पाळला. संकासुराची दोरी उचलून त्याने ती जमिनीवर फाडकन आपटली. मुलगी किंचाळली आणि हसत त्याच्या मागे धावली.

"राहू दे हे सोंग," आई म्हणाली. तोवर दोरीच्या आवाजाने ती स्वतःच दोन पावलं मागे सरकली होती.