पेस्टवर पाणी

त्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी मनोहरभाऊंना पेस्टवर पाणी सोडायला सांगितलं. दुपारी तीन वाजता मी बॅच कार्ड पुन्हा लिहिलं. संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. त्याला अकरा वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सांगता येतंय — की तेही एक प्रकारचं पळणंच? असेल. तरी सांगते. सावकाश सांगते, कारण घाईत सांगायला गेले की मी स्वतःच्या बाजूने बोलायला लागते, हे मला माहीत आहे.

तेव्हा मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात केमिस्ट होते. भांडी घासायच्या लिक्विडला, हँडवॉशला, शाम्पूला जे मूळ द्रावण लागतं ते आम्ही बनवत असू. कच्चा माल ड्रममधून यायचा. फेस देणाऱ्या रसायनाची पेस्ट — शंभरात सत्तर भाग रसायन, बाकी पाणी. फिकट, मोत्यासारखी चमक असलेली, मधापेक्षा जाड, पण वाहणारी. तिच्यात पाणी मिसळून रसायन शंभरात अठ्ठावीस भागांवर आणायचं, की काम झालं.

यात अवघड काय, असं तुम्हाला वाटेल. जाड वस्तूत पाणी घातलं की ती पातळ होते. ही होत नाही. हिच्यात पाणी घातलं की ही आधी थिजते. खरवसासारखी थिजते, फक्त आरपार दिसणारी. आणखी बरंच पाणी आत शिरलं तरच सुटते. आणि एकदा थिजलेल्या गोळ्यात पाणी शिरतच नाही; ते वर नुसतं उभं राहतं. म्हणून नियम एकच होता — आधी भांड्यात पाणी, मग त्यात थोडी थोडी पेस्ट. उलट कधीच नाही.

हा नियम मनोहरभाऊंना माझ्या आधीपासून माहीत होता. ते कंत्राटावरचे ऑपरेटर, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचे, आणि मी तिथे रुजू झाले तेव्हाच त्यांना ते भांडं चालवून नऊ वर्षं झाली होती. नियम माहीत होता, कारण माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच विचारलं होतं — मॅडम, पाणी घातल्यावर घट्ट का होतं, सांगाल का?

मला शिकवायला आवडायचं. कोणत्या बॅचला काय, कोणत्या क्रमाने घालायचं हे ज्यावर लिहितात त्या एका कोऱ्या बॅच कार्डाच्या मागच्या बाजूला मी काढून दाखवलं. या रसायनाच्या प्रत्येक कणाला एक डोकं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी हवं, शेपटीला नको. कण थोडे असले की सुटे हिंडतात, पाण्याच्या पृष्ठभागावर शेपट्या वर करून उभे राहतात. थोडे वाढले की शेपट्या आत लपवून, डोकी बाहेर ठेवून त्यांचे गोळे होतात — त्यांना मायसेल म्हणतात. कुणी जमवत नाही त्यांना, आपले आपण जमतात. आणखी वाढले की गोळ्यांच्या लांब कांड्या होतात, आणि त्या उदबत्तीच्या पुड्यासारख्या एकमेकींना चिकटून बसतात. कुणालाच वळता येत नाही. तोच तो थिजलेला माल. आणि त्याहूनही दाटी झाली की कांड्यांचे पापुद्रे होतात, एकावर एक, ते एकमेकांवरून सरकतात. म्हणून सत्तर टक्क्यांची पेस्ट वाहते, अठ्ठावीसचं द्रावण वाहतं, आणि मधलं अडतं.

ते डबा बाजूला ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या गल्लीची मीटिंग. चारजण असले तरी काम होतं, सगळी गल्ली आली तरी होतं. पंधराजण आले की संपलं." मी हसले. तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

पाहा, मी अजून त्या शुक्रवारपर्यंत आलेले नाही.

शुक्रवारी एमआयडीसीचं पाणी बंद असायचं. आदल्या दिवशी टाकी भरून ठेवायची हे माझं काम. मी विसरले. सकाळी टाकीत तळाला हातभर पाणी होतं, ड्रम उघडून ठेवलेले होते, आणि माल न्यायला गाडी दुपारी येणार होती. टँकर मागवला. तो यायला दीड तास होता. मी म्हटलं, तोवर पेस्ट भांड्यात घेऊन ठेवू, टँकर आला की वरून पाणी सोडू.

मनोहरभाऊ म्हणाले, "मॅडम, उलटं होईल."

त्यांनी एवढंच म्हटलं. आवाज न चढवता, हातमोजे घालता घालता. मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, पेस्ट कोमट आहे, ढवळणारा स्टरर जोरात ठेवू, मधली पायरी पटकन ओलांडून जाऊ. पुस्तकात असं होतं का? होतं — दोनशे मिलिलिटरच्या काचेच्या भांड्याबद्दल होतं. आमचं भांडं तीन टनांचं होतं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण टाकी मी विसरले होते, आणि ते कुणाला कळायच्या आत बॅच निघावी, असं मला वाटत होतं. मी कार्डावर लिहिलं — पेस्ट आधी, पाणी नंतर — आणि खाली सही केली. त्यांनी कार्ड वाचलं आणि पेस्टचा व्हॉल्व्ह उघडला.

टँकर आला. पाणी सोडल्यावर पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. मग स्टररचा आवाज खाली गेला. म्हशीने दम टाकावा तसा. झाकणातून पाहिलं तर दांड्याभोवती सगळा माल एकाच गोळ्यासारखा फिरत होता, आणि कडेला पाणी तसंच उभं. मोटर बंद पडली. मनोहरभाऊ म्हणाले, आता राहू द्या, रात्रभर मुरू दे. मी म्हटलं, पुन्हा चालू करा. त्यांनी केली. गिअरबॉक्स तुटताना जो आवाज आला तो बाहेर गेटवरच्या माणसालाही ऐकू गेला.

आता कार्डाचं सांगते.

कारखान्याचे मालक, सेठ, उल्हासनगरहून निघाले होते. चांगला माणूस होता; ओरडायचा नाही. मी प्रयोगशाळेत गेले, सकाळचं कार्ड फाडलं, आणि दुसरं लिहिलं. त्यावर लिहिलं — पाणी आधी, पेस्ट नंतर. माझी सही केली. प्रत्येक कार्डावर, सूचना वाचली म्हणून, ऑपरेटरचीही सही लागते. मी ते कार्ड आणि पेन घेऊन बाहेर आले, आणि मनोहरभाऊंसमोर धरलं.

ते ओळीखाली बोट धरून वाचायचे. त्या दिवशीही तसंच वाचलं. बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी वाचलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं — आणि असं वाटतं याचीच लाज वाटते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने? नाही. मी रागाची वाट पाहत होते. एखादं उत्तर चुकलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. आणि सही केली.

का केली? मी अनेक वर्षं त्यांच्या बाजूने उत्तरं शोधली. नाही म्हटलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता, हे त्यांना ठाऊक होतं. एका बाजूला एम.एस्सी. झालेली केमिस्ट, माझं आडनाव, माझं बोलणं. दुसऱ्या बाजूला कंत्राटावरचा माणूस. मला हे ठाऊक नव्हतं का? त्याच हिशेबावर तर मी पेन पुढे केलं होतं.

सेठनी कार्ड वाचलं, मग त्यांना विचारलं, "इतने साल में ये भी नहीं सीखा, मनोहर?" मनोहरभाऊ म्हणाले, "गलती हो गई, सेठ." मी तिथेच उभी होते. हातात त्या थिजलेल्या मालाची नमुन्याची बाटली होती. मला कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशी मला तोंडाने एकही खोटा शब्द बोलावा लागला नाही. हे मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले — मी खोटं बोललेले नाही.

ते पुढे उल्हासनगरात एका फिनेलच्या गाळ्यात बाटल्या भरत, नंतर सोनिवलीला एका नव्या सोसायटीच्या गेटवर बसत. हे मला कानावर आलं. मी चौकशी केली नाही. एकदा अंबरनाथला रिक्षाच्या रांगेत ते माझ्यापुढे चार माणसं सोडून उभे होते. पाठीवरून ओळखलं. मी रांग सोडून चालत गेले.

गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा, फोन आला. बाबा गेले, छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेले. त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर 'केमिस्ट मॅडम' नावाने होता. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, तुम्ही या.

मी गेले. पांढरी साडी नेसून गेले, जणू मला तो अधिकार होता.

घर लहान, माणसं पुष्कळ. भंतेजींचं वंदन झालं, मग एकेकजण उठून बोलले. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की मनोहर मीटिंगला आला की पहिली मोजदाद करायचा, आणि पंधराजण भरले की म्हणायचा, चला, आता काही होत नाही, चहा सांगा. लोक हसले. मीच एकटी होते जिला त्या गमतीचा उगम माहीत होता.

शेवटी प्रज्ञा उठली. ती बदलापूरला, कात्रपच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या हातात एक कागद होता, घड्यांवर फाटत आलेला. दुरूनच मी काढलेली आकृती ओळखू आली — गोळे, कांड्या, पापुद्रे. ती म्हणाली, बाबांनी मला यावरून शिकवलं, म्हणून मी या विषयात आले. मी दरवर्षी नववीच्या वर्गात दोन ग्लास ठेवते. एकात पाणी आधी, एकात पेस्ट आधी. आणि मुलांना सांगते की माझ्या बाबांकडून एकदा उलटं झालं होतं, त्यात त्यांची नोकरी गेली. बाबा स्वतःच सांगायचे — माझी चूक झाली, तुम्ही करू नका. चूक लपवायची नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.

मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम तेव्हा तिथे होत्या. मॅडम, असंच झालं होतं ना?"

खोलीत चाळीस माणसं असतील. आता मला कसलीही भीती नव्हती. तो कारखाना मी कधीच सोडला होता, सेठ वारले होते. माझं जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि त्या माणसाचं नाव त्याच्याच घरात, त्याच्याच मुलीसमोर परत देता आलं असतं — एका वाक्यात.

मी म्हणाले, "हो. पण माणूस फार चांगला होता."

तो 'पण' पाहिलात? कार्ड लिहिलं तेव्हा मी घाबरलेली होते. 'पण' म्हणाले तेव्हा घाबरलेली नव्हते. मी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं, त्यांच्या घरात बसून. आणि प्रज्ञाने मान हलवून माझे आभार मानले.

निघताना वहिनी, मनोहरभाऊंच्या पत्नी, दारापर्यंत आल्या. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, "आलात, बरं झालं. ते म्हणायचे, मॅडम एक दिवस येतील." मी विचारलं नाही, कशासाठी. त्यांनी सांगितलं नाही. त्यांना काय माहीत होतं हे मला माहीत नाही.

कारणं मी पुष्कळ जमवली होती. इथे लिहिली नाहीत. तुमच्याकडून मला काही ऐकायचं नाही.

त्या दिवशीची नमुन्याची बाटली माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. झाकण मेणाने बंद केलेलं. स्टररने आत ओढलेले हवेचे बुडबुडे त्या मालात अडकले होते. ते वर आलेले नाहीत, फुटलेले नाहीत, जिथे होते तिथेच आहेत. हे लिहिलेलं मी प्रज्ञाला पाठवलेलं नाही. या वर्षीही तिने नववीच्या वर्गात दोन ग्लास ठेवले, आणि चूक कुणाची ते मुलांना सांगितलं.