होंगेच्या झाडाखालचा घाट

एकाच जागी उभं राहून इतका लांबचा प्रवास केलेला माणूस साऱ्या बंगळुरात दुसरा नसेल. तसे या शहरात एका जागी उभे राहणारे लाखो आहेत. मीही त्यातलाच. व्हाइटफील्डच्या रस्त्यावर रोज सकाळी तास-दीड तास उभा असतो, पण त्यातून कुठे पोचल्यासारखं वाटत नाही. माझ्या बायकोचे मामा मात्र चामराजपेटेतल्या आपल्या घरासमोर, होंगेच्या झाडाखाली, हँडब्रेक ओढलेल्या गाडीत बसून दर रविवारी सकलेशपूरचा घाट चढून येतात आणि जेवायच्या वेळेला पाटावर हजर असतात.

मामांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले. घोड्यावरून आले, असं मामा सांगतात आणि लगेच पुस्ती जोडतात, "घोड्याचे चारही पाय जोर लावतात हां. पुढचे दोन ओढतायत आणि मागचे दोन नुसते चालतायत, असा घोडा बघितलात काय कुठं?" मामांच्या बोलण्यात कोणताही विषय निघाला तरी तो चार चाकांपाशी येऊन थांबतो. पण ते त्यांचं म्हातारपणीचं वेड. त्याआधीचं वेड दातांचं होतं, म्हणजे गियरच्या दातांचं. पीण्या या बंगळुराच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा गियरच्या कारखान्यात त्यांनी तपासनीस म्हणून सगळी नोकरी काढली. गियर बनवणारे वेगळे, मामा नापास करणारे. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर यंत्राला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची पद्धत. निवृत्त झाल्यावर कारखान्याने शाल दिली, पण मामा घरी घेऊन आले तो स्क्रूड्रायव्हर. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस मांडवामागे आचाऱ्याच्या ग्राइंडरला कान लावून उभा होता. "बेअरिंग गेलंय, चटणीपर्यंत टिकायचं नाही," असं त्यांनी जाहीर केलं आणि आमच्या लग्नात खरोखरच निम्मी पंगत चटणीवाचून उठली. तेव्हापासून सासरकडे कोणी नवा मिक्सर घेतला की आधी मामांना ऐकवून आणतात. पहिल्या भेटीत त्यांनी माझी पाठ थोपटली होती. ती मायेने थोपटली की आतला आवाज ऐकायला, हे मला अजून नक्की कळलेलं नाही.

चाकांच्या वेडाला मात्र मीच निमित्त झालो. ऑफिसला जाण्यायेण्यासाठी मी एक लहान एसयूव्ही घ्यायच्या विचारात होतो. दिसायला जंगलात जाणारी आणि स्वभावाने मॉलमध्ये रमणारी, अशी जी जात हल्ली निघाली आहे, त्यातली. शोरूममधल्या मुलीने सांगितलं की याच गाडीत चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारं मॉडेलही आहे. वर हसून म्हणाली, "लेकिन सर, बेंगलोर ट्रॅफिक में क्या करेंगे?" एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण जावयाने सल्ला विचारला की सासरच्या माणसांना बरं वाटतं, म्हणून मी एका रविवारी मामांना विचारलं, "ते ऑल-व्हील-ड्राइव्ह घेण्यात काही अर्थ आहे का हो?"

मामा उठले आणि स्वयंपाकघरातून डब्यांची चार झाकणं आणि मामींच्या हातातलं लाटणं घेऊन आले. जमिनीवर झाकणांची चाकं मांडली, पुढच्या आणि मागच्या जोडीमधे लाटणं ठेवलं. "हे बघा जावईबापू. साध्या गाडीत पुढची दोन चाकं ओढतात. मागची दोन वरातीतल्या पाहुण्यांसारखी. आली तर आली, नाचायला कोण तयार नाही. पुढची चिखलात सापडली की संपलं. आता हे लाटणं काय करतं? पुढचा जोर मागं नेऊन देतं. तुम्ही घसरता काय, मग स्वल्प आम्ही ढकलतो, म्हणतात मागची." मी म्हटलं, "पण मामा, माझ्या रस्त्यावर चारही चाकं सारखीच रिकामी बसणार." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की पीण्यात नापास झालेल्या गियरला काय वाटत असेल ते मला कळलं. "रोज लागतं काय हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "एका दिवशी लागतं." तो एक दिवस कोणता, हे विचारायचं मला सुचलं नाही. तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला, "अहो, ते मागच्या चाकांचं लाटणं आणून द्या की. पोळ्या राहिल्यात."

मी साधी गाडी घेतली. मामा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि मग स्वतः जाऊन चारही चाकांची घेऊन आले. त्यानंतर माझ्या गाडीला त्यांनी कधी गाडी म्हटलं नाही. "तुमची ती पुढची दोन कुठं लावलीत?" असंच विचारतात.

आता चामराजपेटेत गाडी घेणं सोपं, ठेवणं अवघड. मामांच्या घरासमोर होंगेचं एक झाड आहे. आपण ज्याला करंज म्हणतो तेच. त्याखाली बरोबर एक गाडी राहते. ती हलली की पाच मिनिटांत तिथे उदबत्तीच्या व्यापाऱ्याचा टेम्पो येतो आणि एकदा आलेला टेम्पो आठवडाभर जात नाही. त्यामुळे मामांनी गाडी हलवायचीच नाही असं ठरवून टाकलं. भाजीला पायी, देवळाला पायी, दवाखान्यात रिक्षाने. दर रविवारी न्याहारी झाली की मात्र मामा गाडी पुसतात, मामी कॉफीचा थर्मास आणि कोडबळ्यांचा डबा घेऊन शेजारी बसतात, दोघं पट्टे बांधतात आणि बॅटरीसाठी म्हणून इंजिन सुरू होतं. बॅटरीला दहा मिनिटं पुरतात. मामा-मामी दोन तास बसतात.

एकदा त्यांनी मला मागच्या सीटवर घेतलं. काचा वर केल्या की बाहेरच्या पेठेचा आवाज लांब गेला. होंगेला बहर होता. फिकट जांभळी फुलं काचेवर टपटप पडत होती. "नेलमंगल मागं पडलं," सकलेशपूरच्या वाटेवरचं गाव मोजत मामा हळूच म्हणाले. मामी कोथिंबीर निवडत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुणिगलचं तळं भरलंय बघा." मी बघितलं. समोर शेजाऱ्यांच्या जिन्यावर चादरी वाळत होत्या, पण खरं सांगतो, वाऱ्याने त्या हलल्या तेव्हा मला पाणी दिसलं. हासनला कॉफी झाली. पुढे घाट लागला तसे मामा पुढे झुकून बसले, फुलांचा थर दाट झाला होता, त्यांनी वायपर लावला आणि म्हणाले, "धुकं आहे."  मला अशी छान गुंगी आली होती की ऑफिस, सिग्नल, सोमवार सगळं कुठल्या तरी खालच्या दरीत राहिलं होतं. तेवढ्यात मामांनी इंजिन बंद केलं. "आज इथूनच परतू. चढण ओली आहे." मामींनी कोथिंबिरीच्या काड्या पदरात गोळा केल्या आणि म्हणाल्या, "सरी. बरं, पुढच्या वेळी."

त्या चढणीची गोष्ट मामींनी मला त्या दिवशी घरात आल्यावर सांगितली. त्यांची थोरली बहीण, त्यांची अक्का, लग्न होऊन सकलेशपूरच्या पलीकडे गेली. टेकडीवर कौलारू घर, भोवती थोडी कॉफी, थोडी मिरी. अनेक वर्षांपूर्वी मामा-मामी आपल्या जुन्या गाडीतून तिला भेटायला निघाले आणि घराखालच्या शेवटच्या चढणीवर चाकं तांबड्या चिखलात नुसती गरगरा फिरली. मामांनी दगड लावले, गोणपाटं लावली, काही उपयोग झाला नाही. शेवटी अक्काच फणसाच्या पानात वाफवलेले गरम कडुबू घेऊन खाली उतरली. दोघी बहिणी रस्त्याकडेच्या दगडावर बसून जेवल्या आणि मामा-मामी तिथूनच परतले. "तिचं घर मी खालून बघितलंय. लाल कौलं तेवढी," मामी म्हणाल्या. मग मुलांच्या शाळा आल्या, मामांच्या जादा पाळ्या आल्या, मामींचे गुडघे आले. अक्का लग्नाकार्याला बंगळुरात येऊन जायची, पण मामींचं वर जाणं राहून गेलं. मग मला कळलं, मामांचा तो एक दिवस कोणता.

गेल्या वर्षी नवरात्रात अक्काचा फोन आला. आता एकटीने राहणं होत नव्हतं. दिवाळीनंतर ती मुलाकडे शिमोग्याला फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती आणि घर विकलं जाणार होतं. मामी फोन ठेवून म्हणाल्या, "आता तरी जाऊ या की हो." मला वाटलं, मामा लगेच किल्ली घेतील. मामा म्हणाले, "टेम्पो येईल." दुसऱ्या दिवशी म्हणाले, टायरची हवा बघायला हवी. तिसऱ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉनेटमध्ये कान घालून उभे राहिले. शेवटी मी म्हटलं, "तुमच्या जागेवर माझी गाडी उभी करून जातो. टेम्पो येणार कुठून?" तेव्हा मामांनी मला बाजूला नेलं. जन्मभर दुसऱ्यांची कामं नापास करणारा हा माणूस खाली बघत म्हणाला, "जावईबापू, तिथं हीही चाकं नुसती फिरली तर? मग तिला पुढच्या वेळी म्हणून काय सांगू?" मला त्यांची थट्टा करायची सवय आहे, पण त्या वेळी केली नाही. मी म्हटलं, "मी येतो बरोबर. ढकलायला."

तर पुढच्या शनिवारी माझी पुढची दोन होंगेखाली राहिली आणि आम्ही तिघं खरोखर निघालो. नेलमंगल आलं, कुणिगल आलं. खरं तळं जरा कोरडंच होतं. मामी म्हणाल्या, "आपल्याकडं जास्त भरलं होतं." रात्रभर पाऊस होऊन गेलेला, सकलेशपूरला झाडं ठिबकत होती.  कोणत्या चाकाला किती जोर जातोय ते दाखवणारं एक लहानसं चित्र त्या गाडीत समोर आहे, ते मामांनी लावून ठेवलं. "वळण संपलं की चढण," ते म्हणाले. मामींनी देवाचं नाव घेतलं. मी ढकलण्यासाठी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

वळण संपलं. समोर चढण होती. खालपासून वरपर्यंत स्वच्छ, पांढरट सिमेंटची. आणि तिच्यावरून केळीचे घड लादलेली एक तीन चाकी रिक्षा हॉर्न वाजवत आरामात खाली येत होती.

मामांनी गाडी थांबवली. खाली उतरले, वाकून सिमेंटला हात लावून पाहिला आणि परत येऊन बसले. गाडी काही न झाल्यासारखी वर गेली. चित्रातली मागची दोन चाकं एकदाही उजळली नाहीत. अक्का अंगणात उभी होती. वयाने वाकलेली, डोळ्यांवर हात धरून बघत होती. कुत्रा बांधायलाही विसरली होती. बहिणीला मिठीत घेऊन रडली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "सहा वर्षं झाली की गं रस्ता होऊन. दूधवालापण स्कूटरवर येतो. तू येईनास, मला वाटलं, गुडघे."

मामा दारातच थांबले. फोनवर दोघी बहिणी दर आठवड्याला बोलायच्या. सुनांबद्दल, लोणच्यांबद्दल, कुत्र्याबद्दल. पण आपल्या दारातला रस्ता काय सांगायचा, म्हणून अक्का कधी बोलली नाही आणि चिखल काय विचारायचा, म्हणून मामा-मामींनी कधी विचारलं नाही. सहा वर्षांतल्या कोणत्याही रविवारी, कोणत्याही गाडीने, माझ्या पुढच्या दोन चाकांनीसुद्धा इथे येता आलं असतं. मामांच्या चेहऱ्यावर हा सगळा हिशेब उमटलेला मला दिसला आणि मला फार वाईट वाटलं. मामींनाही तो दिसला असावा. त्या बहिणीला म्हणाल्या, "रस्त्याचं काय कौतुक गं अक्का? कडेला केवढं शेवाळ आहे. यांच्या गाडीची चारही चाकं होती म्हणून आलो. जरासुद्धा घसरली नाही." आणि मामांकडे वळून म्हणाल्या, "होय की नाही हो?" मामांनी दारातून वळून चढणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "होय."

दोन दिवस मामी त्या घरातून फिरल्या. प्रत्येक खोलीत थोडा वेळ बसल्या, प्रत्येक खिडकीतून बाहेर बघितलं. अक्का पाठोपाठ फिरत होती आणि कोणत्या खिडकीतून काय दिसतं ते सांगत होती. मामा अंगणात बसून होते. निघताना त्यांनी अक्काच्या जुन्या ग्राइंडरला कान लावला. "उत्तम आहे," म्हणाले. आजवर त्यांनी कशाला पास केलेलं मी ऐकलं नव्हतं.

आता ते घर दुसऱ्या कोणाचं आहे. मामांची गाडी पुन्हा होंगेखाली उभी असते. नवी गाडी घेणारे माझे मित्र मला विचारतात, या लहान गाड्यांना चारही चाकांचा जोर खरंच लागतो का? मी त्यांना नाही म्हणून सांगतो आणि रविवारी चामराजपेटेत जाऊन मागच्या सीटवर बसतो. नेलमंगल मागे पडतं, तळं भरलेलं असतं, हासनला कॉफी होते. परतायची भाषा आता मामा करत नाहीत. "चढण आली," म्हणतात. "सावकाश हं, चिखल फार आहे," मामी म्हणतात आणि शिमोग्याला फोन लावतात. "अक्का, आलो गं. दार उघड." पलीकडे चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून अक्का घाईघाईने म्हणते, "या, या. थांबा स्वल्प, कुत्र्याला बांधते." मामा गाडी पहिल्या गियरमध्ये टाकतात आणि मागे बसून मी पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरतो.